चकाकीचे मोल

दशलक्षण पर्वाचा तिसरा दिवस, उत्तम आर्जवाचा. सांगलीतील एका हळद व्यापाऱ्याच्या घरी त्या दुपारी एक सौदा ठरत होता. सौदा करणारा होता अकरा वर्षांचा नातू. त्याच्यापुढे सतरंजीवर चकचकीत कार्डांच्या दोन थप्प्या होत्या. एक मामाने अमेरिकेहून आणलेल्या पोकेमॉन कार्डांची. दुसरी वाढदिवसाच्या पैशांतून शाळेजवळच्या दुकानात घेतलेल्या पंचावन्न सोनेरी कार्डांची. दोन्ही शेजारी ठेवताच सोनेरी कार्डे नकली असल्याचे त्याच्या ध्यानात आले होते. शेजारच्या घरातील आठ वर्षांच्या मुलाकडे मात्र एक अस्सल चमकते कार्ड होते, आणि पाच सोनेरी कार्डांच्या बदल्यात ते देण्यास तो आनंदाने तयार होता. देवघेव संध्याकाळी व्हायची होती.

"आजोबा, त्याला यातले काहीच कळत नाही," नातू विजयी स्वरात म्हणाला.

आजींचा या कार्डांना पहिल्यापासून विरोध होता. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले, आणि जैनांच्या घरात पत्ते कशाला, असा त्यांचा साधा प्रश्न होता. आजोबा मात्र लगेच काही बोलले नाहीत. माल न पाहता भाव सांगण्याची त्यांना सवय नव्हती. मंदिरातून आल्यावर खांद्यावरचे उपरणे खुंटीला अडकवून ते सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "आधी हा खेळ मला शिकव."

नातवाने सांगितलेली हकीकत त्यांनी लक्षपूर्वक ऐकली. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ रचला आणि जमवायचीही व खेळायचीही कार्डे ही कल्पना रूढ झाली. १९९६ साली जपानमध्ये पोकेमॉनचा कार्डखेळ निघाला आणि १९९९ साली तो इंग्रजीत आला. खेळाडूने साठ कार्डांचा संच स्वतः रचायचा. मूलभूत ऊर्जेची कार्डे सोडली, तर एका नावाची चारापेक्षा अधिक कार्डे घ्यायची नाहीत. आरंभी सात कार्डे हाती घ्यायची, सहा बक्षिसाची म्हणून पालथी ठेवायची. समोरच्याचा प्राणी निकामी झाला की आपले एक बक्षीस उचलायचे. सहाही जो आधी उचलेल तो जिंकला.

"म्हणजे प्राणी मारायचे?" आजींनी स्वयंपाकघरातून विचारले.

"मरत नाहीत आजी, नुसती मूर्च्छा येते," नातवाने खुलासा केला.

आजोबा तीन डाव हरले. हरताना त्यांच्या लक्षात आले की हा खेळ केवळ नशिबाचा नाही. कोणते कार्ड किती ठेवावे, हातातले केव्हा खर्चावे, पुढच्या डावासाठी काय राखावे, हा सारा भांडवलाचा विचार होता. साठच कार्डांची मर्यादा असल्यामुळे प्रत्येक कार्ड घेताना दुसरे एखादे सोडावे लागत होते. शिवाय समोर माणूस बसलेला होता; त्याच्याशी बोलावे, हसावे, हरल्यावर त्याचे कौतुकही करावे लागत होते. येथे लावलेला पैसा नव्हता, म्हणून हे द्यूतही नव्हते.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. एकाच प्राण्याची दोन कार्डे नातवाकडे होती. एक साधे, एक चमकते. दोन्हींवरचा मजकूर एकच, बळ एकच. डावात साध्याने जे साधले, त्याहून काडीभरही अधिक चमकत्याने साधले नाही. उलट सांगलीच्या पावसाळी हवेत चमकते कार्डच धनुष्यासारखे वाकले होते. कागद ओल शोषतो, त्यावरचा चकाकता पापुद्रा शोषत नाही. एक फुगतो, दुसरा फुगत नाही, म्हणून ते वाकते. वाकलेले कार्ड गड्डीत ओळखू येते, आणि ओळखू येणारे कार्ड घेऊन प्रामाणिक खेळ होत नाही.

"मग चकाकीचे पैसे कशाचे?" आजोबांनी विचारले.

"दुर्मीळपणाचे," नातू म्हणाला. मग त्याने 'पिकाचू इलस्ट्रेटर'ची गोष्ट सांगितली. जपानमधील एका मासिकाच्या चित्रस्पर्धेत १९९८च्या सुमारास विजेत्यांना बक्षीस म्हणून दिलेली ही मोजकीच कार्डे. त्यांतल्या एका निष्कलंक प्रतीला २०२१ साली पन्नास लाख डॉलरहून अधिक किंमत मिळाली.

आजोबांनी मान डोलावली. परंतु बाजाराची दुसरी बाजूही ते जाणून होते. ते कार्ड विकण्यासाठी छापलेच नव्हते, म्हणून ते दुर्मीळ राहिले; दुकानात येणाऱ्या मालाची गोष्ट वेगळी. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांना असाच भाव चढला होता. पुढे मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडतील म्हणून कित्येकांनी खोकीच्या खोकी माळ्यावर ठेवली. छापणाऱ्यांनी अमाप छापले, जपणाऱ्यांनी सारेच जपले, आणि जे सर्वांकडे आहे ते कोणालाच नको झाले. त्यांपैकी बहुतेक कार्डांना पुढे कवडीमोल भाव आला.

बंद पाकिटांविषयी मात्र आजींचे म्हणणे त्यांना पटले. मामाने आणलेल्या बारा पाकिटांत नातवाला हवी असलेली कार्डे दोनच निघाली होती. आत काय आहे हे न पाहता पैसे द्यायचे, नाही निघाले की पुढचे फोडायचे. या ओढीची द्यूताशी सोयरीक आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचा उलगडा करताना उमास्वामींनी वस्तूपेक्षा तिच्यात गुंतलेल्या मनाकडे बोट दाखवले आहे, आणि त्या गुंतण्याला मूर्च्छा म्हटले आहे. कार्डावरच्या प्राण्याची मूर्च्छा डावापुरती असते. पाकिटामागून पाकीट फोडणाऱ्याची सहज उतरत नाही.

राहिला संध्याकाळचा सौदा. आजोबांनी कपाटातून हळदीचे दोन नमुने काढले. दोन्ही पॉलिश केलेले, सारखेच पिवळेधमक. त्यांनी एकेक हळकुंड मोडून नातवाच्या तळहातावर ठेवले. एक आतून गर्द केशरी होते, दुसरे फिके.

"वरची चकाकी कोणालाही चढवता येते," ते म्हणाले. "मोडून दाखवतो तो व्यापारी."

मग त्यांनी पाठशाळेत शिकलेल्या अचौर्य अणुव्रताची आठवण करून दिली. त्याच्या पाच अतिचारांत खोटी मापे जशी येतात, तसाच प्रतिरूपक व्यवहारही येतो. अस्सल म्हणून नकली माल देणे. "समोरच्याला कळत नाही, हे तू नफ्याचे कारण समजतोस. खरे तर तेथेच तुझी जबाबदारी वाढते. सौदा तुझा आहे, मी अडवणार नाही. पण माल उघडून दाखव."

संध्याकाळी नातवाने तसे केले. दोन्ही कार्डांमागे त्याने विजेरी धरली. नकलीतून उजेड आरपार आला, अस्सलातून फारच कमी. अस्सल कार्डाच्या कडेला दिसणारी मधल्या थराची काळसर रेघही त्याने दाखवली. लहानग्याने सारे पाहिले, "मग नको," म्हणाला, आणि आपले कार्ड घेऊन घरी गेला. नातवाचा चेहरा पडला. आजोबांनी त्याचे सांत्वन केले नाही. खरेपणाची किंमत कधी कधी लगेच चुकवावी लागते, हे त्याला कळू दिले.

रात्री नातवाने पंचावन्न सोनेरी कार्डांच्या पाठीवर पेनाने 'नकली' असे लिहिले. आजोबांच्या सांगण्यावरून त्याने स्वतःचे परिमाणही ठरवले: खेळण्यासाठी दोन संच, म्हणजे एकशेवीस कार्डे, आणि केवळ आवडीखातर दहा. नवे आणायचे तर जुने कोणाला तरी द्यायचे. बंद पाकीट वर्षातून एकदा, वाढदिवसाला.

दोन दिवस शेजारचा मुलगा फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी तो आला, आणि त्याच्याबरोबर त्याच्या वर्गातील आणखी दोघे होते. तिघांच्या हातात आपापली कार्डे होती. "दादा, ही खरी आहेत का, तूच सांग," तो म्हणाला.

चार मुले सतरंजीवर बसली. आजोबा झोपाळ्यावरून पाहत होते. पेढीवर पन्नास वर्षे बसून त्यांनी जे कमावले होते, त्याचा पहिला हप्ता नातवाच्या खात्यावर जमा होताना त्यांना दिसत होता. बाजारात त्याला पत म्हणतात.