बैलांसाठी गाडी घेताना

मैत्रिणींनो, मिक्सर कोणता घ्यावा, शिलाईचं मशीन पायाचं बरं की मोटरचं, असल्या विषयांवर आपण सगळ्याच बोलतो नि लिहितो. आज मी लिहिणार आहे चारचाकी गाडीवर. तीही नवरा-बायकोनं हवा खायला जायची गाडी नव्हे. शर्यतीच्या बैलांना शर्यतीच्या मैदानावर नेणारी गाडी. हसू नका. आमच्या घरात ह्या गाडीवरून दोन महिने जे चाललं होतं, ते सोन्याच्या खरेदीवरूनही कधी चाललं नाही.

अकलोली म्हटलं की तुम्हाला गरम पाण्याची कुंडं आठवतील. वज्रेश्वरीच्या देवीचं दर्शन घ्यायचं नि तानसा नदीच्या काठी कुंडावर आंघोळ करायची, असा बहुतेकींचा बेत असतो. पण भात कापून शेतं मोकळी झाली, की आमच्या ठाणे-रायगडच्या पट्ट्यात दुसरंच वेड सुरू होतं ते बैलगाडीच्या शर्यतींचं. दोन बैल, एक हलका छकडा, वर एक गाडीवान. नियमानं शर्यतीचं अंतर एक हजार मीटरच्या वर नेता येत नाही. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळं आटोपलेलं असतं. पण तेवढ्यासाठी बैलांना कुठून कुठं न्यावं लागतं! आज कल्याणकडे, तर पुढच्या आठवड्यात पनवेलच्या पलीकडे. धावणं मिनिटाचं आणि गाडीत उभं राहणं जाऊन-येऊन तीन-चार तासांचं. माझं सगळं म्हणणं ह्या एका हिशेबातून निघालेलं आहे.

आमच्याकडे सर्जा आणि पाखऱ्या अशी खिल्लारी जोडी आहे. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ ला शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा मामंजींची जुनी जोडी गोठ्यातच म्हातारी झाली. राज्य सरकारनं २०१७ साली कायदा बदलला, पण शर्यती पुन्हा अडकल्या त्या १६ डिसेंबर २०२१ पर्यंत. त्या दिवशी परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानंही तो कायदा उचलून धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला लागतो, चाबूक-काठी चालत नाही. चांगलंच झालं. पण मैदानावरचे नियम मैदानावर. घरापासून मैदानापर्यंतच्या रस्त्यात बैलाचं काय होतं, तिकडे शौकिनांचं लक्ष कमीच.

गेल्या माघात भाड्याच्या टेम्पोतून उतरताना पाखऱ्या घसरला. गुळगुळीत पत्रा, त्यावर शेण-मूत, आणि उतरायला म्हणून मातीचा एक उंचवटा, तोही टेम्पोपासून हातभर लांब. पुढचा उजवा पाय फाळक्याच्या फटीत गेला. मोडला नाही एवढंच. पण सहा आठवडे बैल गोठ्यात लंगडत होता. रोज सकाळी शाळेला जाण्याआधी (मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते) मी आणि सासूबाई त्याचा पाय शेकत बसायचो. टेम्पोवाला म्हणाला, "बैल आहे, एवढं चालायचंच." सासूबाई ताडकन म्हणाल्या, "बैल म्हंजे काय भाताच्या गोण्या, आदळल्या तरी चालायला?" त्याच रात्री स्वतःची गाडी घ्यायचं ठरलं.

ठरलं म्हणजे पुरुषांचं ठरलं. कोणती घ्यायची, ह्यावर मात प्रत्येकाचं डोकं वेगळं. ह्यांना हवा होता छोटा हत्ती. हप्ता कमी, डिझेल कमी. धाकट्या भावजींचं म्हणणं, घरी ट्रॅक्टर आहेच, त्याला मागं एक चारी बाजूंनी बंद ट्रॉली करून जोडू. वर दोन्ही बैलांची चित्रं नि नावं रंगवू. मी म्हटलं, रंगवायचं मग बघू. आधी मला टेप द्या.

छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब नि पावणेपाच-पाच फूट रुंद, म्हणजे फार तर पस्तीस चौरस फूट. मोटार वाहनांच्या नियमांत २०१५ साली जनावरांच्या वाहतुकीसाठी भर पडली. त्यात गाई-म्हशींसारख्या जनावरामागं दोन चौरस मीटरचा वेगळा कप्पा सांगितला आहे. दोन चौरस मीटर म्हणजे साडेएकवीस चौरस फूट. दोन बैलांना त्रेचाळीस. मग पस्तिसात दोघं बसणार कसे? शिवाय वजन. एकेक बैल साडेचारशे-पाचशे किलोचा. दोघांचे नऊशे ते हजार, वर माणूस, पेंढा, पाण्याचे डबे. छोटा हत्ती तेवढ्यासाठी केलेलाच नाही. ह्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "बरं, पुढं."

पुढं म्हणजे ट्रॉली. हा विचार मात्र मला झटकून टाकता येईना, कारण जगात शर्यतीच्या मोटारी अशाच नेतात. माझा भाऊ पुण्याला असतो, त्याला मोटारींच्या शर्यतींचा भारी नाद. कोइमतूरची कारी धावपट्टी, चेन्नईजवळची इरुंगट्टुकोट्टईची धावपट्टी, सगळं त्याला तोंडपाठ. शर्यतीची मोटार स्वतःच्या चाकांवर मैदानापर्यंत जात नाही, दुसऱ्या गाडीवर चढून जाते. परदेशात तर घरची दणकट गाडी पुढं आणि मागं बंद पेटीसारखा ट्रेलर, त्यात मोटार नि तिची अवजारं. मी त्याला फोन करून विचारलं, पेटी निवडतात कशी? तो म्हणाला, "ताई, पहिली गोष्ट, ओढणारी गाडी वजनापेक्षा जोरदार हवी, ओढायलाच नव्हे, थांबवायला. दुसरी, ट्रेलरचं वजन चाकांच्या थोडं पुढं पडायला हवं. एकूण वजनाचा दहावा-सातवा हिस्सा आकड्यावर. वजन मागं गेलं तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो."

मला हसू आलं. हे तर आमच्या सासूबाईंना शाळेत न जाता ठाऊक आहे! बैलगाडीत ओझं मागं भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझं फार पुढं घेतलं तर सगळा भार मानेवर. म्हणून गाडी भरणारा गडी अर्धी गाडी भरली की जू हातानं उचलून पाहतो.

पण मोटार आणि बैल ह्यांत एक फरक आहे, आणि त्याच फरकावर मी भावजींची ट्रॉली नाकारली. मोटारीला चारी बाजूंनी पट्टे आवळले की ती जागची हलत नाही. बैल हलतो. वळणावर अंग सावरतो, ब्रेक लागला की मागं रेटतो, कधी बसू पाहतो. म्हणजे दोनचाकी ट्रॉलीतलं हजार किलोचं वजन सारखं पुढं-मागं होत राहणार. त्यात आमच्या ट्रॉलीला ब्रेक नाही नि स्प्रिंगाही नाहीत; थांबवायचं सगळं काम पुढच्या ट्रॅक्टरवर. भिवंडी-वाडा रस्त्याचे खड्डे ज्यांनी पावसाळ्यानंतर खाल्लेत, त्यांना मी जास्त काय सांगू? ट्रॅक्टर त्याच्या गतीनं पनवेलला पोचेपर्यंत बैल अर्धे थकलेले असणार. भावजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या आवडीची सुक्या बोंबलाची चटणी केली.

राहिली पिकअप. साडेआठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, म्हणजे शेहेचाळीस-सत्तेचाळीस चौरस फूट. दोन बैल नीट बसतात, तिसरा नाही. आणि तिसरा बसत नाही हाच मला तिचा मोठा गुण वाटला, नाहीतर शेजारच्याचा एक बैल घ्या वाटेत, हे ठरलेलंच.

आता बंद की उघडी? पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरचे घोडे बंद गाड्यांतून जातात, मग आपले का नाही, हा भावजींचा शेवटचा मुद्दा. मी त्यांना चैत्रातल्या दुपारी आमच्या पत्र्याच्या मोरीत पाच मिनिटं दार लावून उभं राहायला सांगितलं. घोड्यांच्या त्या गाड्यांना झरोके असतात, अस्तर असतं. आपण पत्र्याची पेटी करणार. दोन बैलांच्या श्वासानंच आत वाफ कोंडेल. तेव्हा मधला मार्ग काढला. बाजू चार फुटांपर्यंत लाकडी फळ्यांनी भरीव, म्हणजे शेजारून ट्रक गेला तरी बैल बिचकत नाही. त्यावर सहा फुटांपर्यंत नळ्यांचे आडवे गज, वारा खेळायला. आणि वर कमानीवर ताडपत्री, ऊन-पावसाप्रमाणं ओढायची. आतल्या फळ्यांना पोत्यात पेंढा भरून गाद्या शिवून मीच लावल्या. जुन्या गोधडीचं काम ते, सुई मात्र सुतळीची लागते.

१९७८ साली केंद्र सरकारनं जनावरांच्या वाहतुकीचे नियम केले, त्यांत घसरू नये म्हणून काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या घालायला सांगितल्या आहेत. बैलांची तोंडं इंजिनाकडे असावीत, सोबत माणूस असावा, जनावरांबरोबर दुसरा माल भरू नये, हेही आहे. सगळं कसं आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसानं सांगितल्यासारखं! आम्ही फळ्या ठोकल्या, वर काथ्या, वर पेंढा. मधे नळीचा आडवा अडसर. दावं असं बांधायचं की एका हिसक्यात सुटेल. बैल पडला तर गाठ सोडत बसायला वेळ नसतो.

सगळ्यात जास्त भांडले मी उतरंडीच्या फळीसाठी. हौदा जमिनीपासून पावणेतीन फूट. फळी त्याच्या तिप्पट तरी लांब हवी, म्हणजे सव्वाआठ फूट. एवढी लांब फळी न्यायची कुठं? फॅब्रिकेशनवाल्यानं ती मधोमध बिजागरीनं दुमडून फाळक्यालाच जोडली. वर वीतभर अंतरानं आडव्या पट्ट्या. त्याचे आठ हजार वेगळे पडले. ह्यांनी "जरा जास्तच" म्हटलं, तेव्हा मी पाखऱ्याच्या औषधाच्या चिठ्ठ्या समोर ठेवल्या.

आणि आता पैशाचं. नवी गाडी दहा लाखांच्या घरात जाते. तेवढे होते, पण कुठले? थोरलीच्या नर्सिंगसाठी पोस्टात ठेवलेले. "जोडी नंबरात आली की दुप्पट करून ठेवू," असं मला एका संध्याकाळी फार गोड आवाजात सांगण्यात आलं. थोरली तेव्हा आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती. तिनं पान उलटल्याचा आवाज आला नाही, बराच वेळ. मी पासबुक कपाटातून काढलं आणि माझ्या शाळेच्या पिशवीत घातलं. म्हटलं, बैल माझेही आहेत, पाय मी शेकलाय. पण त्यांच्या पायाखाली हिची फी अंथरायची नाही. जुनी गाडी घ्या, भिशीचे माझे चाळीस हजार देते, बाकीचं पतपेढीचं कर्ज; आणि हप्ता गाडीनं स्वतः कमवायचा.

सासूबाई माझ्या बाजूनं बोलतील असं मला वाटलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीचं हात लावू नका."

गाडीनं कमवायचं, ही अट नुसती काटकसरीची नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीची साथ आली, तेव्हा गुरांची ने-आण आणि शर्यती राज्यभर बंद झाल्या होत्या. फक्त बैलांसाठी घेतलेली गाडी अशा वेळी दारात उभी राहून हप्ता मागते. म्हणून आमचे गज आणि कमानी बोल्टवर आहेत. दोघांनी मिळून अर्ध्या तासात उतरतात. आठवडाभर गाडी भाजी, भाताच्या गोण्या, अंबाडी नाक्यावरचा सिमेंट-पत्रा नेते. शर्यतीच्या आदल्या रात्री हौदा सोड्याच्या पाण्यानं धुवायचा. फिनेल मुळीच नको. त्या वासानं सर्जा फळीवर पायच ठेवत नाही.

कागदांची पिशवी मी शिवलीय, तीन कप्प्यांची: गाडीचे कागद, डॉक्टरांचा दाखला, शर्यतीची परवानगी. बैलांच्या कानातल्या बिल्ल्यांचे बारा आकडी नंबर मागच्या पानावर माझ्या अक्षरात. राज्यात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे रात्री बैल भरलेली गाडी दिसली की रस्त्यात कुणीही अडवून विचारतं. पिशवी हाताशी असली की बोलणं वाढत नाही.

पहिल्या फेरीला निघण्याआधी चार दिवस आम्ही बैलांना नुसतं चढवून उतरवलं. गाडी दारात उभी, आत थोडी ओली वैरण नि गुळाचा खडा. पहिल्या दिवशी पाखऱ्या फळीपाशी आला, वास घेतला, दुखऱ्या पायानं एक पट्टी चाचपली आणि मागं फिरला. भावजी दावं ओढायला निघाले होते, त्यांना सासूबाईंनी थांबवलं. चौथ्या दिवशी तो आपणहून वर गेला. तेव्हापासून नऊ फेऱ्या झाल्या आहेत. एकदा तिसरा नंबर आला, एरवी नाही. फळीची बिजागरी करकरायला लागलीय, तिला रविवारी ग्रीस भरायचंय. आणि बैलांची नावं गाडीवर अजून रंगवायची आहेत, भावजी रोज आठवण करून देतात.