आधी तुरुंग, मग विहीर

पेसाहचा सण आटोपून मी लेकीकडे फ्रँकफर्टला गेले. तेथे नातवाने माझ्या वडिलांची कीर्तनाची वही संगणकावर चढविली होती. योसेफाचे आख्यान, एकूण २४ पाने. एक पान वाचले की खाली 'पुढे' दाबायचे. लोद-अश्दोदच्या नातलगांनी पाहून वाहवा केली होती.

मी चष्मा लावून बसले. पहिल्या पानावर नमन. 'पुढे' दाबते तो योसेफ थेट तुरुंगात! मग तो मिसरचा कारभारी झाला, भाऊ धान्य मागायला आले, आणि बऱ्याच वेळाने त्याच भावांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकले.

मला आधी हसू आले, मग वाईट वाटले. दोन महिन्यांत एकानेही चूक दाखविली नव्हती. कौतुक करणाऱ्यांपैकी मराठी वाचले तरी कोणी?

नातू म्हणाला, "आजी, यंत्र आकडा मोजत नाही, डावीकडून एकेक अंक पाहते. म्हणून १ नंतर १०, ११ आणि १९ झाल्यावर २." उपाय साधा. ०१, ०२ अशी नावे दिली की गाडी रुळावर!

रविवारी त्याने मला माइन्झला गुटेनबर्गचे बायबल दाखविले. सुमारे १४५५ सालच्या त्या छपाईत पानांना आकडेच नाहीत. पुढे १४७० साली कोलोन शहरात छापलेल्या एका छोट्या पुस्तकात पानांवर आकडे आले. म्हणजे ही अडचण आमच्या घरचीच नव्हे!

एक पान मात्र अडले. त्याचा कोपरा फाटून आकडा गेला होता, म्हणून नातवाने ते शेवटी लावले होते. वडील प्रत्येक पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहीत, पण फोटो नीटनेटके करताना याने तळच कापून टाकलेले. मूळ वही काढली. सोळाव्या पानावरची साकी मी चालीत म्हणून पाहिली आणि सुटा शब्द आपोआप ओठांवर आला. ते पान सतरावे होते.

नातवाला ही रीत इतकी आवडली, की त्याने 'पुढे' काढून तेथे पुढच्या पानाचा पहिला शब्दच ठेवला. आठवड्याने अश्दोदहून भाचीचा फोन आला, "मावशी, सातव्या पानाखालच्या शब्दाचा अर्थ काय गं?"