ब्राम्स आणि चवीपुरतं मीठ

एकाच पुस्तकाच्या पाच प्रती बाळगणाऱ्या माणसाला लोक पुस्तकविक्रेता समजतात. एकाच प्रयोगाची पाच तिकिटं खिशात घालून थिएटरबाहेर उभा राहणाऱ्याला काय समजतात ते पोलिसांना विचारा. पण एकाच पियानो कॉन्चेर्टोच्या पाच-सहा ध्वनिमुद्रिका बाळगणाऱ्याला नेमकं काय समजावं, हे समाजाने अजून ठरवलेलं नाही. आमच्या घरी ते ठरलेलं आहे, पण तो शब्द छापण्याजोगा नाही.

सौ.चा मुद्दा तसा बिनतोड आहे. ती म्हणते, "आपल्याकडे दोन गवयांनी यमन गायला तर दोन यमन होतात, कारण गवई तिथल्या तिथे रचतो. तुमच्या त्या जर्मन माणसाने सूर न् सूर कागदावर लिहून ठेवलाय. वाजवणाऱ्याने समोरचं वाजवायचं आणि घरी जायचं. मग तेच ते पाच जणांकडून कशाला ऐकायचं?"

या प्रश्नाचं उत्तर मी अनेक वर्षं देतो आहे. आज जरा सविस्तर देतो.

कॉन्चेर्टो म्हणजे एका बाजूला एकटा पियानोवाला, दुसऱ्या बाजूला साठ-सत्तर जणांचा वाद्यवृंद आणि मध्ये हातात काडी घेतलेला कंडक्टर. आपल्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ निदान तिकिटं तरी असतात. याच्याजवळ नुसती मतं असतात. लग्नात मुलाकडचे आणि मुलीकडचे जसे कधी भांडत, कधी गळ्यात गळे घालत कार्य पार पाडतात, तसंच हे असतं.

आमच्या घरातलं भांडण योहानेस ब्राम्सच्या पहिल्या, डी मायनरमधल्या कॉन्चेर्टोवरून आहे. दोन पियानोंसाठी म्हणून बेतलेलं हे कापड. मग त्याची सिंफनी शिवायला घेतली, आणि अखेर कॉन्चेर्टो बाहेर आला. शिंप्याने असं केलं तर आपण पैसे परत मागतो. २२ जानेवारी १८५९ रोजी हॅनोव्हरला तो पहिल्यांदा वाजला. ब्राम्स तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि पियानोवर तो स्वतःच बसला होता. पाच दिवसांनी लाइपझिगला पुन्हा वाजला, तेव्हा श्रोत्यांनी नागासारखे फूत्कार टाकून आपली नापसंती कळवली.

सुरुवातच अशी आहे की शेजारी दचकतात. नगाऱ्यांचा गडगडाट आणि त्यावर व्हायोलिनांचा संताप. १८५४ साली ब्राम्स हे लिहायला बसला, त्याच वर्षी त्याचा गुरुतुल्य मित्र रॉबर्ट शूमन याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली होती. त्याला वाचवलं, पण दोन वर्षांनी तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. मधला संथ भाग मात्र अगदी वेगळा. त्याबद्दल ब्राम्सने शूमनच्या पत्नीला, क्लाराला, पत्रात लिहिलं होतं की हे मी तुमचंच एक चित्र रंगवतो आहे. ही माहिती कळल्यापासून आमच्या घरात ब्राम्सला बसायला निदान पाट मिळतो.

"मग पुढे लग्न झालं का त्यांचं?" सौ.ने विचारलं.

"नाही. तो जन्मभर अविवाहित राहिला."

"तरीच. एवढं लांबलचक लिहायला वेळ कुठून मिळाला म्हणते मी."

आता मूळ मुद्दा. सूर लिहिलेले आहेत हे खरं, पण पहिल्या भागाच्या डोक्यावर काय छापलंय? 'माएस्तोसो'. म्हणजे भारदस्तपणे. आता भारदस्तपणे म्हणजे किती वेगाने? नगराध्यक्ष भारदस्तपणे चालतात आणि हत्तीही भारदस्तपणे चालतो. पाकपुस्तकात 'चवीपुरतं मीठ' लिहिलेलं असतं, त्यातलाच हा प्रकार. माझी आई, माझी थोरली बहीण आणि सौ. या तिघी एकाच वहीतून आमटी करत आल्या, आणि तीन आमट्या झाल्या. त्यांतली सर्वांत चांगली कोणती, याचं उत्तर कोणत्याही विवाहित पुरुषाने आजवर मोठ्याने दिलेलं नाही. ब्राम्सच्या बाबतीत ते देता येतं, एवढाच संगीताचा फायदा.

कंडक्टर जॉर्ज सेल याचंच उदाहरण घ्या. याने हा कॉन्चेर्टो १९५८ साली क्लीव्हलँडला लिऑन फ्लायशरबरोबर, १९६२ साली लंडनला क्लिफर्ड कर्झनबरोबर आणि १९६८ साली पुन्हा क्लीव्हलँडला रुडॉल्फ सर्किनबरोबर ध्वनिमुद्रित केला. सासू एक, जावई तीन. सासूचा करडेपणा तिन्हीकडे तोच. पण जावई बघा. वाद्यवृंद साडेतीन-चार मिनिटं गरजत असतो आणि पियानोवाला अंतरपाटाआडच्या नवऱ्यासारखा हात मांडीवर ठेवून बसलेला असतो. मग तो हळूच शिरतो. कर्झन शिरतो तो 'येऊ का?' असं विचारत. सर्किन शिरतो तो हिशेबाची वही तपासायला आल्यासारखा. फ्लायशर तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. तो शांतपणे शिरतो खरा, पण थोड्याच वेळात घर आपलंच असल्यासारखा वागू लागतो. पुढे सहा-सात वर्षांतच त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप मुडपू लागली, आणि कित्येक वर्षं तो केवळ डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत राहिला. हे कळल्यावर तीच रेकॉर्ड पुन्हा लावली. सूर तेच होते, मी मात्र खुर्चीत जरा पुढे सरकून बसलो होतो.

नवरा-बायकोचं भांडण चारचौघांत झालं तर कसं दिसतं, हे पाहायचं असेल तर ६ एप्रिल १९६२ ची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली मैफल ऐकावी. पियानोवर ग्लेन गूल्ड, कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन. वाजवायच्या आधी बर्नस्टाइन श्रोत्यांपुढे आला आणि त्याने सांगून टाकलं की आता जे तुम्ही ऐकणार आहात, त्याच्याशी मी सहमत नाही. पण गूल्ड हा इतका गंभीर कलावंत आहे की त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. कॉन्चेर्टोत खरा मालक कोण, एकटा वाजवणारा की कंडक्टर, असंही त्याने विचारून घेतलं. म्हणजे यजमानाने पानं वाढल्यावर सांगावं की भाजीत मीठ जास्त आहे, ते माझ्या सांगण्यावरून नाही, पण बाई मोठ्या सुगरण आहेत, तेव्हा जेवा! त्यावर गूल्डने हत्तीची भारदस्त चाल धरली. पहिला भाग एरवी वीस-बावीस मिनिटांत आटोपतो, तो पंचविशीच्या पुढे गेला. गंमत म्हणजे १९८३ साली याच बर्नस्टाइनने व्हिएन्नात क्रिस्तियान झिमरमानबरोबर हाच कॉन्चेर्टो वाजवला, तेव्हाही एकूण वेळ जवळजवळ तेवढाच लागला. या खेपेला भाषण नव्हतं. एकवीस वर्षांच्या संसारात माणूस मिठाला सरावतो.

या मिनिटांचा हिशेब मला पुरवणारे गृहस्थ आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. आम्ही तिसऱ्यावर, आणि लिफ्ट नाही. त्यांची उभी हयात रेल्वेत गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात गेली. ते स्टॉपवॉच घेऊन संगीत ऐकतात. "फ्लायशर राइट टाइम, गूल्ड लेट, मधल्या स्टेशनात विनाकारण थांबला," असा त्यांचा अभिप्राय असतो. तिकडे बीबीसीच्या रेडिओवर 'बिल्डिंग अ लायब्ररी' नावाचा कार्यक्रम गेली कित्येक दशकं चालत आला आहे. एक जाणकार एका रचनेच्या सगळ्या ध्वनिमुद्रिका चाखतो आणि शेवटी एक निवडतो. इंग्रज माणूस ज्या सभ्यपणे बाकीच्या दहा-बारा जणांना बाद करतो, तो शिकण्यासारखा आहे. आमच्याकडे हेच काम स्टॉपवॉचवाले करतात. सभ्यपणा तेवढा सौ.च्या चहावर अवलंबून असतो.

पण या जाणकारीत एक मोठी मेख आहे. दिनू लिपाती हा रुमानियाचा असामान्य पियानोवादक १९५० साली अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी वारला. १९६० च्या दशकात त्याने वाजवलेल्या शोपाँच्या ई मायनर कॉन्चेर्टोची रेकॉर्ड बाजारात आली. पंधराएक वर्षं लोकांनी ती लिपातीची म्हणून ऐकली. अकाली गेलेल्या कलावंताचा हात, त्यातलं कारुण्य, सगळं सगळं लोकांना ऐकू आलं. १९८१ मध्ये उलगडा झाला की वाजवणारी होती पोलंडची हालिना चेर्नी-स्टेफान्स्का. बाई हयात होत्या आणि खुशाल होत्या. त्यांनी वाजवलं होतं उत्तमच. कारुण्य मात्र बहुधा वेष्टनावरच्या नावात होतं.

इंग्लंडात तर कहर झाला. जॉइस हॅटो नावाच्या पियानोवादक बाईंच्या शंभरावर सीडी निघाल्या. त्यांत कॉन्चेर्टोही होते. समीक्षकांनी तोंड भरून स्तुती केली. २००७ मध्ये, बाईंच्या निधनानंतर, एकाने त्यांची सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली तर पडद्यावर नाव उमटलं भलत्याच वादकाचं! तपास झाला आणि इतरांच्या ध्वनिमुद्रिका बायकोच्या नावावर खपवल्याची कबुली नवऱ्याला द्यावी लागली. कॉम्प्युटरला हे कळलं कसं? तर तो सीडीतल्या एकेका तुकड्याची लांबी मोजून ती ओळखतो. ही बातमी वाचून स्टॉपवॉचवाले आठवडाभर छाती पुढे काढून फिरत होते. "घड्याळाला वेष्टन वाचता येत नाही," ते म्हणाले. वाक्य चांगलं होतं. मी ते लिहून ठेवलं.

मग एका संध्याकाळी मी आर्थर रुबिनस्टाइन लावला. या माणसाने ब्राम्सचा हा कॉन्चेर्टो १९५४ साली शिकागोत फ्रिट्झ रायनरबरोबर ध्वनिमुद्रित केला, तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता. १९६४ साली बॉस्टनला एरिख लाइन्सडॉर्फबरोबर पुन्हा केला, तेव्हा सत्त्याहत्तर. आणि १९७६ च्या एप्रिलमध्ये इस्रायल फिलहार्मोनिकबरोबर तिसऱ्यांदा, तेव्हा एकोणनव्वद. कंडक्टर होता आपल्या मुंबईत जन्मलेला, नुकता चाळिशीला टेकलेला झुबिन मेहता. रुबिनस्टाइनची दृष्टी तोवर जवळजवळ गेली होती. समोरच्या पट्ट्या धड दिसत नसताना, पंचवीस वर्षांच्या पोराने लिहिलेला हा डोंगर तो चढत होता. त्याच वर्षी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये त्याने शेवटची मैफल केली.

स्टॉपवॉचवाल्यांनी नेहमीप्रमाणे कळ दाबली. संथ भाग सुरू झाला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "इथे रेंगाळतोय हो हा."

आतून गवार निवडता निवडता सौ. म्हणाली, "एकोणनव्वदाव्या वर्षी जिना चढायला वेळ लागायचाच. तुम्ही नाही का भावजी, हल्ली दुसऱ्या मजल्यावर टेकत?"

स्टॉपवॉचवाले मोठ्याने हसले. पण त्या संध्याकाळी त्यांनी वेळ काही सांगितली नाही, आणि मीही विचारली नाही. रेकॉर्ड संपल्यावर सौ. हात पुसत बाहेर आली. "हे ते क्लाराचं चित्र का?" म्हणाली. मी हो म्हटलं. "पुन्हा लावा तेवढंच."

सहा वेष्टनांतलं एकही तिने वाचलेलं नव्हतं.

तेव्हा कोणती घ्यावी असं कोणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. कोणाशी कडाक्याचं भांडून आला असाल तर फ्लायशर. पावसाळी दुपारी एकटे असाल तर कर्झन. सकाळी कामाला लागायचं असेल तर सर्किन. आपलंच खरं करायची खुमखुमी आली तर गूल्ड. आणि आपल्याला आता हे जमणार नाही असं वाटू लागलं तर १९७६ चा रुबिनस्टाइन. ज्याच्या बोटांना हा कॉन्चेर्टो पाठ होता, त्यालाही तो एकदा वाजवून पुरला नाही. मग मला एकदा ऐकून कसा पुरावा? हे उत्तर मी सौ.ला दिलं, तेव्हा तिने फडताळातला एक कप्पा रिकामा करून दिला. खालचा. वरच्यात बरण्या आहेत.