ऐंशी नंबर

हार्डवेअरच्या दुकानात सँडपेपरला नावानं कुणी मागत नाही. ‘पाच इंची, ऐंशी नंबर द्या’ म्हटलं की दुकानदार चकत्यांचा गठ्ठा पुढे सरकवतो. गिऱ्हाईक दाण्यांवरून अंगठा फिरवतं आणि भाव विचारतं. माझं सांगणं असं, की आधी त्याची पाठ बघा. गडी किती दिवस साथ देणार ते पाठीवरूनच कळतं.

पाठीच्या कागदाच्या वजनाला ए ते एफ अशी अक्षरं आहेत. ए सगळ्यात हलका, हातानं घासायला ठीक. सँडरच्या चकतीला सी किंवा त्याहून जड कागद लागतो. बेल्ट सँडरच्या पट्ट्याला तर जाड कापडच हवं. हातानं घासायचा कागद गोल कापून मशीनला लावला, तर फळीच्या पहिल्याच कोपऱ्याला तो फाटतो.

दाणे कशानं चिकटवलेत तेही विचारावं. सरस उष्णतेनं मऊ पडतो आणि दाणे सुटतात. म्हणून दाण्यांच्या खाली आणि वर, दोन्ही थर रेझिनचे असलेलाच पेपर मशीनसाठी घ्यावा. दाणे बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात आणि लाकडाला तेच मानवतात. काम करता करता ते फुटतात आणि नवी धार पुढे येते. झिर्कोनियाचा दाणा याच्याहून चिवट आणि महाग. पण तो फुटायला भारी दाब लागतो. फळीवर हलक्या हातानं फिरणाऱ्या सँडरखाली तो फुटत नाही, नुसता गुळगुळीत होऊन तापत राहतो. लाकडावर तरी महाग तोच टिकाऊ, हा हिशेब चुकतो.

सागवानी दाराच्या फळीवर हा ऐंशी नंबर चालताना एकदा कान देऊन ऐका. आधी आवाज भरदार, खरखरीत असतो. बुकणी रव्यासारखी मोकळी पडते. मग आवाज पातळ होत जातो, बुकणी पिठूळ होते, नाकाला जरासा जळका वास येतो. चकती उलटून पाहिली तर दाण्यांच्या मधे काळसर, चकचकीत ठिपके बसलेले दिसतात. सागाचं तेल आणि बारीक धूळ तापून तिथं थापली गेलेली असते. दाणे अजून धड असतात, फक्त लाकडापर्यंत पोचत नाहीत. नेमकं याच वेळी कारागीर मशीन दाबतो. दाबलं की उष्णता आणखी वाढते, वेल्क्रोचे आकडे वितळतात, आणि फळीवर गोल ओरखडे उठतात. ते तेव्हा दिसत नाहीत. पॉलिश चढलं की दारभर दिसतात. अशा वेळी मशीन नुसतं त्याच्या वजनावर चालू द्यावं, आणि चकती साफ करायच्या रबरी कांडीवर क्षणभर फिरवून घ्यावं. चोंदलेला पेपर पुन्हा कामाला लागतो. बहुतेक चकत्या झिजून जायच्या आधी अशा चोंदूनच कचऱ्यात जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पेपरचं आयुष्य त्याच्या भाऊबंदांवर, म्हणजे इतर नंबरांवरही अवलंबून आहे. पी ८० चा दाणा सुमारे २०० मायक्रॉनचा, पी २२० चा ७० च्या आतला. ऐंशीवरून थेट दोनशेवीसवर उडी मारली, तर त्या बारीक दाण्याला तिप्पट मोठ्या दाण्याचे ओरखडे काढत बसावं लागतं. त्यात तोही संपतो आणि ओरखडेही राहतात. ८०, १२०, १८०, २२० असंच जावं. पेपर जास्त लागतील असं वाटतं, प्रत्यक्षात कमी लागतात.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कागद दमट हवा पिऊन वळतो. चकत्या बंद डब्यात, वर वजन ठेवून सपाट ठेवाव्यात.

आणि चकतीची भोकं सँडरच्या भोकांशी नीट जुळवून लावावीत. ती धूळ ओढून घ्यायला आहेत. जी धूळ पेपरला चोंदवते तीच कारागिराच्या छातीत जाते, आणि लाकडाच्या धुळीनं नाकाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. कारखानदारांनो, पेपर टिकत नाही म्हणून ओरडण्याआधी सँडरला धूळ ओढणारी नळी जोडून द्या आणि माणसाला चांगला मास्क द्या.