एकट्याने खेळताना कोण व्हायचं?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४चा गेम. त्याचं ‘क्लासिक’ रूप २०१९मध्ये आलं. त्यातला १ ते ६० लेव्हलचा प्रवास मी एकटाच करतो. ऑफिसातून यायला रात्रीचे अकरा होतात. त्यावेळी आणखी चार जण जमवणार कुठून? म्हणून क्लास जपून निवडायचा, कारण नंतर तो बदलता येत नाही.

वॉरियर दिसायला रुबाबदार. पण स्वतःच्या जखमा भरायचा मंत्र त्याच्याकडे नाही आणि सगळी भिस्त हातातल्या शस्त्रावर. शस्त्र जुनं झालं की दोन शत्रू एकदम अंगावर आले तरी पळापळ. प्रत्येक मारामारीनंतर बसून खायचं, बँडेज बांधायचं. मागे हीलर असेल, तर हाच गडी राजा असतो.

हंटरचं उलट. १०व्या लेव्हलला तो रानातलं जनावर माणसाळवतो. जनावर पुढे होऊन मार खातं, हा लांबून बाण सोडतो. वॉरलॉकचा व्हॉइडवॉकरही असाच ढाल होऊन उभा राहतो.

म्हणजे गंमत बघा, एकट्याने खेळायला सगळ्यांत सोयीचे क्लास तेच, ज्यांच्यासोबत कुणीतरी असतं!

मी हंटर घेतला. त्याच्या जनावराला वेळेवर खायला घालावं लागतं. दुर्लक्ष केलं तर ते रुसतं, शेवटी सोडूनही जातं. नव्या शहरात, भाड्याच्या खोलीत, रोज रात्री कुणाचं तरी जेवण लक्षात ठेवायला मला आवडतं.