खंबाटकीच्या माथ्यावरचा तेजोमेघ

हौशी दुर्बीणवाल्याला तेजोमेघ म्हटलं की मृग नक्षत्रातला आठवतो. तो सुंदर आहेच. पण आम्हा शिरवळकरांना त्याहून मोठा एक तेजोमेघ लाभलाय आणि त्याच्यासाठी फारसं कुणी दुर्बीण लावत नाही, याची मला खंत वाटते.

नौकातल तारकासमूहातला हा ईटा कॅरिनीचा तेजोमेघ. साडेसात हजार प्रकाशवर्षं दूर असूनही आकाशात त्याचा विस्तार जवळपास चार पूर्णचंद्र ओळीनं मांडावेत एवढा. लाकाय या फ्रेंच खगोलज्ञानं तो १७५२ मध्ये केप ऑफ गुड होपहून नोंदवला, कारण पॅरिसला तो उगवतच नाही. दिल्लीत जेमतेम क्षितिजाच्या वर डोकावतो. शिरवळहून मात्र दक्षिणेला १२ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडा जास्तच. खंबाटकीचे डोंगर आड येत नाहीत.

आड येते ती हवा. इतक्या खाली बघायचं म्हणजे हवेचा चार-पाच पट जाड थर भेदायचा, त्यात उन्हाळ्याची धूळ. म्हणून मी वळवाची वाट बघतो. सरी धूळ बसवून गेल्या आणि आभाळ उघडलं की एप्रिलच्या मध्यावर रात्री पावणेदहाच्या सुमारास तो सर्वांत उंच असतो. आगेमागे दीडेक तास हाताशी.

त्रिशंकूच्या उजवीकडे मुठीहून थोडं जास्त अंतर जायचं. आयपीस कमीत कमी वर्धनाचा. अर्धा तास मोबाइल खिशात. मग थेट रोखून न बघता नजर किंचित बाजूला ठेवायची. राखाडी उजेड पसरत जातो आणि त्याला चिरणारा धुळीचा काळा पट्टा हळूहळू उमटतो.

फोटोतला लाल रंग इथं नाही. तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी पेटलेला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरला लाल प्रकाश देतो, पण काळोखाला सरावलेला डोळा त्याला जवळपास आंधळा. ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरचा प्रकाश मात्र त्याला छान पकडता येतो. ऑक्सिजन-तीन फिल्टर नेमका तेवढाच आत सोडतो आणि आजूबाजूच्या दिव्यांचा उजेड अडवतो. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांवर हा उपाय चालायचा. कारखान्यांच्या नि ढाब्यांच्या पांढऱ्या एलईडीत मात्र सगळेच रंग मिसळलेले, त्यातला हिरवा वाटा फिल्टरमधूनही येतो.

म्हणून शिरवळ परिसरातल्या कारखानदारांना आणि ढाबेवाल्यांना विनंती आहे: दिवे बंद करू नका, फक्त त्यांची तोंडं जमिनीकडे वळवा.