मांजर, सोफा आणि आजींचा हात

मोताळ्याकडच्या घरांत मांजर पाळावे लागत नाही. ते आपणहून राहायला येते. घरात धान्य आले की उंदीर येतो आणि त्याच्या मागोमाग मांजर. पूर्वी बसायला बाज आणि घोंगडी असे, तेव्हा त्याच्या नखांची कोणाला फारशी अडचण नव्हती. आता बैठकीत सोफा आला आणि त्याबरोबर तक्रारही आली. माझ्याकडे ती बहुधा रक्तदाब तपासून झाल्यावर, उठता उठता सांगितली जाते. सून म्हणते, "डॉक्टरसाहेब, आईंच्या मांजरानं नवा सोफा फाडला. आता त्याला शेतात सोडून यायचं ठरलंय." सासूबाई काहीच बोलत नाहीत. त्या बोलत नाहीत, म्हणूनच मला हे लिहावेसे वाटले.

मांजर खोडी म्हणून सोफा फाडत नाही. नखावरचे जुने टरफल गळून पडावे, अंग ताणले जावे आणि पंजातील ग्रंथींचा वास मागे राहावा, यासाठी ते ओरबाडते. झोपेतून उठल्यावर तर हटकून. ही गरज मारून जात नाही. तेव्हा, वाचकहो, त्याला ओरबाडायला हक्काची जागा द्यावी. बाजारातला महागडा खांब आणायलाच हवा असे नाही. सुमारे तीन फूट उंचीचा जड ओंडका घ्या, त्यावर गोणपाट किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा आणि फाटलेल्या सोफ्याच्या अगदी शेजारी उभा करा. तो डगमगला तर मांजर पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. सोफ्याच्या कोपऱ्यांवर काही दिवस जाड, गुळगुळीत प्लॅस्टिक ताणून लावावे. संत्र्याच्या साली ठेवण्याचा उपाय मात्र बेभरवशाचा. काही मांजरे त्यांच्या शेजारी बसूनच आपले काम उरकतात! एक खबरदारी घ्या: ओंडका वृद्धांच्या रात्री उठण्याच्या वाटेत नसावा आणि गोणपाट जमिनीवर सैल पसरू नये. पाय अडकून मोडलेल्या खुब्यापेक्षा फाटका सोफा केव्हाही परवडला.

सोफ्यावरून मांजराला हाताने ओढू नये, चापट तर मुळीच मारू नये. सत्तरीनंतर त्वचा कागदासारखी पातळ होते. त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो. मधुमेह असेल तर चिघळतो. नखांची टोके पंधरवड्याने कापावीत, तीही घरातील तरुणाने, आतला गुलाबी भाग सोडून.

तरीही ओरखडा उठलाच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण रेबीज केवळ कुत्र्यामुळे होतो असे नाही. रक्त आले असेल तर लशीखेरीज जखमेत वेगळे इंजेक्शनही द्यावे लागू शकते. मांजरालाही पशुवैद्यकाकडून रेबीजची लस टोचून घ्यावी.

महिन्या-दोन महिन्यांत ओंडक्यावरचे गोणपाट फाटून लोंबू लागेल. स्वच्छतेच्या उत्साहात ते लगेच फेकू नका. मांजराला तेच आवडू लागलेले असते. नवे लावायचे झाले तर जुन्याच्या वरूनच गुंडाळावे.